निपाणी : घोषणेतला तिसरा शब्द

(गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



“बेळगाव-कारवार-निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!” ही घोषणा या सभेत कुणाला शिकवावी लागत नाही. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी ती परळ-लालबागच्या रस्त्यावर दिली, छातीवर लाठ्या घेत दिली. तुम्ही ती आईच्या दुधाबरोबर प्यालात. पण आज मी तुम्हांला एक साधा सवाल विचारतो. या घोषणेतली तीन गावे तुम्हांला ठाऊक आहेत काय?

बेळगाव ठाऊक आहे. मोठे शहर आहे, किल्ला आहे, लष्कराची छावणी आहे, पाहुण्याने आणलेला कुंदा आहे. कारवारही ऐकून माहीत आहे. समुद्र आहे, बंदर आहे, मासळी आहे. आणि निपाणी? निपाणी म्हटले की आपला माणूस खिसा चाचपतो आणि म्हणतो, “हां, हां, बिडीची निपाणी!” बस्स, तेवढ्यावर भूगोल संपला आणि इतिहासही संपला.

हे बरोबर नाही, मंडळी. ज्या गावाचे नाव घेऊन आपण घसा कोरडा केला, ते गाव काळे की गोरे हे आपल्याला माहीत असले पाहिजे. म्हणून आज मोठमोठ्या गोष्टी जरा बाजूला ठेवतो. आधी तुम्हांला निपाणी हिंडवून आणतो. मग आपण राजकारण बोलू.

गाव आहे तरी कुठे?

कोल्हापूरच्या स्टँडवरून दक्षिणेला निघा. पुण्याहून बंगळूरला जाणारा हमरस्ता आहे. कागल मागे पडले की दूधगंगा लागते. नदी ओलांडली की कोगनोळीचा नाका. तिथे पाटी बदलते, पाटीवरची अक्षरे बदलतात. माणसे मात्र बदलत नाहीत. अलीकडच्या रानात ‘पाव्हणं, कुठनं आला?’ म्हणतात, पलीकडच्या रानातही ‘पाव्हणं, कुठनं आला?’ म्हणतात. पुढे सौंदलगा, पुढे यमगर्णी. तिथे वेदगंगेचा पूल. आणि पूल ओलांडला की निपाणी. कोल्हापूरपासून हे अंतर सुमारे ४० किलोमीटर. तिथून जिल्ह्याचे गाव बेळगाव मात्र ७५ किलोमीटरच्या आसपास. दक्षिणेला निपाणी सोडली की रस्ता तवंदीचा घाट चढू लागतो. तिथेच स्तवनिधी हे जैनांचे जुने तीर्थ आहे. म्हणजे उत्तरेला नदी, दक्षिणेला घाट, आणि मधल्या सपाटीवर निपाणी.

आता या नद्यांकडे जरा बघा. वेदगंगा कुठली? भुदरगडची. पाटगावचे धरण तिच्यावर आहे. गारगोटी, मुरगूड करीत ती खाली निपाणीकडे उतरते. दूधगंगा कुठली? राधानगरीच्या डोंगरातली. काळम्मावाडीचे धरण तिच्यावर आहे. पुढे या दोघी बहिणी एकमेकींना मिळतात आणि कृष्णेच्या घरी जातात. सह्याद्रीत पाऊस पडला की निपाणीच्या शिवारात ओल येते. तिकडे ढग फुटला की इकडे पूर येतो. २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली वेदगंगा अशी फुगली की यमगर्णीपाशी हमरस्ताच पाण्याखाली गेला. नदीने काही कोगनोळीच्या नाक्यावर थांबून परवाना दाखवला नाही.

निपाणीला आगगाडी नाही. गावाचे सारे येणे-जाणे रस्त्यावर. म्हणून इथे ट्रकवाले आले, गॅरेजवाले आले, हॉटेले आली, वखारी आल्या. भोवताली अक्कोळ, बेनाडी, भोज, कारदगा, बोरगाव, माणकापूर, गळतगा, जत्राट, कुर्ली अशी गावे. माणकापूर-बोरगावकडे गेलात तर तुम्हांला आपल्या घरी आल्यासारखे वाटेल. यंत्रमागाची खडखड ऐकू येते! इचलकरंजी तिथून जवळच. एकच सूत, एकच माग, एकच मजुरी, आणि मधून राज्याची हद्द गेलेली. कुर्ली-आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाची जत्रा भरते. तिथली भाकणूक ऐकायला कोल्हापूरकडची माणसेही लोटतात. पाऊस कसा होईल, पीक काय येईल, हे देव मराठीत सांगतो. अजून त्याला कुणी नोटीस काढलेली नाही!

देसायांची निपाणी

आता थोडा इतिहास. भिऊ नका, सनावळ्या पाठ करायला लावणार नाही.

उत्तर पेशवाईत निपाणी हे सिद्धोजीराव निंबाळकर यांचे ठाणे होते. लोक त्यांना आप्पा देसाई निपाणकर म्हणत. मोठा लढवय्या, तितकाच धोरणी सरदार. कधी कोल्हापूरकरांशी झुंजायचे, कधी पेशव्यांच्या बाजूने धावायचे. १८०३ साली इंग्रजांचा सेनापती वेलस्ली दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवायला पुण्याकडे निघाला, त्या काळच्या त्याच्या पत्रव्यवहारात या आप्पा देसायांचे नाव पुन्हा पुन्हा येते. १८१८ साली पेशवाई बुडाली. देसायांची जहागीर कशीबशी उरली. १८३९ साली देसाई वारले. कंपनी सरकार म्हणाले, वारस नाही, जहागीर खालसा! १८४१ साली निपाणीच्या किल्ल्यात बंड झाले. बेळगावच्या फौजेने ते मोडले.

ही गोष्ट मी कशासाठी सांगितली? देसायांचे पोवाडे गाण्यासाठी नव्हे. जहागीरदार गेला त्याचे तुम्हांआम्हांला काही सुतक नाही. सांगायचे एवढेच की निपाणीच्या लोकांना न विचारता निपाणीचा मालक बदलण्याची ही पहिली वेळ होती. कलकत्त्यात कुणीतरी कागदावर सही केली आणि निपाणी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. हा खेळ पुढे पुन्हा झाला. तेव्हा मालक गोरा नव्हता, एवढाच काय तो फरक.

या गावाने दुसराही एक इतिहास घडवला. तो वाड्यात नव्हे, वाड्याबाहेर राहणाऱ्या माणसांनी घडवला. १९२५ च्या एप्रिलमध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद निपाणीला भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. महाडचा सत्याग्रह व्हायला अजून दोन वर्षे होती. बाबासाहेब सार्वजनिक कार्यात नुकतेच उतरले होते. त्या सुरुवातीच्या दिवसांत ज्या गावांनी त्यांची सभा भरवली, त्यांत निपाणी आहे. हे गाव निजलेले नव्हते, मंडळी.

पान काळे, बोटे काळी

आता या निपाणीच्या पोटापाण्याकडे चला. गावाची खरी ओळख किल्ल्याने होत नाही, कामाने होते. गिरणगावची ओळख भोंग्याने होती, तशी निपाणीची ओळख तंबाखूने आहे.

मी इथे तंबाखूची जाहिरात करायला उभा नाही. तंबाखू माणसाला खाते, हे आज शाळेतले पोरही सांगते. पण ज्यांनी ती पिकवली आणि ज्यांनी ती वळली, त्यांना आधी तिने खाल्ले, हे मात्र कुणी सांगत नाही. ते मी सांगतो.

निपाणीची जमीन आणि हवा बिडीच्या तंबाखूला मानवते. पावसाच्या तोंडाला तरवा टाकायचा. श्रावण-भाद्रपदात रोपे लावायची. झाड वाढले की शेंडा खुडायचा, म्हणजे पानात जोर भरतो. बगलेतले फुटवे काढत राहायचे. हाताला चिकट काळा चीक बसतो, तो साबणाने जात नाही. पौष-माघात कापणी. कापलेली झाडे रानातच पसरायची, उन्हात वाळवायची, पहाटेच्या दहिवरात उलटायची. मग चुरा करायचा आणि बोदात भरायचा. बोद म्हणजे तंबाखूचे मोठे थोरले पोते. सहा-सात महिन्यांची मेहनत त्या बोदात शिवली जाते.

आणि मग शेतकरी तो बोद घेऊन व्यापाऱ्याच्या दारात उभा राहतो. भाव कोण सांगणार? व्यापारी. वजन कोण करणार? व्यापारी. पैसे कधी देणार? व्यापाऱ्याला सवड होईल तेव्हा! त्यात १९४३ साली इंग्रज सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसवला. खळ्यावरचा माल सरकारच्या वहीत चढू लागला. शेतकरी आपल्याच पिकाचा आरोपी झाला. हा कच्च्या मालावरचा कर १९७९ साली उठला. शेतकऱ्याला वाटले, आता तरी दोन पैसे गाठीला लागतील. पण भाव ठरवणारा हात तोच राहिला.

हा झाला शेतकरी. आता वखारीत चला. वखारीत बायका बसलेल्या. तंबाखू चाळायची, पाखडायची. पान वेगळे, काडी वेगळी, भुकटी वेगळी. हवेत पिवळी धूळ भरलेली. तोंडाला पदर बांधला तरी खोकला सुटत नाही. ब्लो-रूममध्ये काम केलेल्या माणसाला हे जास्त समजावून सांगायला नको. तिथे कापसाची कणी, इथे तंबाखूची भुकटी. छाती मात्र एकच. काम हंगामी. आज बोलावले तर ये, उद्या नको म्हटले तर घरी बस. तुमच्या बदलीवाल्याला निदान दारात उभे राहायचा तरी हक्क होता. त्या बाईला तोही नव्हता.

आणि घराघरांत बिडी वळणाऱ्या बायका. सुपात तेंदूची पाने, तंबाखू, दोरा. मांडीवर पोर, मांडीवरच सूप. मजुरी हजारावर. हजार बिड्या वळा तेव्हा मजुरी हातात. त्यातही कारखानदाराचा माणूस बिड्या तपासणार आणि मूठमूठ छाट काढणार. छाट काढलेल्या बिडीची मजुरी नाही! साचेखात्यातल्या माणसा, तुझ्या कापडात एक धागा तुटला म्हणून तुझा पगार कापला होता ना? तीच ही छाट. नाव वेगळे, कात्री एकच.

या बायका पुढे उठल्या. १९८० च्या सुमारास चिकोडी तालुका कामगार महासंघाच्या झेंड्याखाली त्या एकत्र आल्या. वखारीपुढे उभ्या राहिल्या. मजुरी मागितली, रजा मागितली, माणसासारखी वागणूक मागितली. १९८२ साली ‘युगांतर’ या बायकांच्या गटाने त्यांच्यावर माहितीपट काढला. त्याचे नाव ‘तंबाखू चाकिला ऊब आली’. साऱ्या देशातल्या कामगार चळवळीत तो दाखवला गेला. ज्यांना वखारीत कुणी नावाने हाक मारत नव्हते, त्यांचा आवाज पडद्यावर आला. आणि तो आवाज कुठल्या भाषेत होता? तुमच्याआमच्या मराठीत.

एक हजार नव्हे, बारा

१९८१ साली शेतकरी उठला. शरद जोशींची शेतकरी संघटना निपाणीत आली. तंबाखूला रास्त भाव द्या, एवढीच मागणी. १४ मार्च १९८१ रोजी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर हजारो शेतकरी येऊन बसले. बायकापोरांसकट बसले. भाकरी बांधून आले, रस्त्यातच चुली पेटल्या, रस्त्यातच झोपले. तीन आठवड्यांहून जास्त दिवस तो हमरस्ता शेतकऱ्यांच्या मांडीखाली होता. मराठी बोलणारा आणि कानडी बोलणारा, दोघेही शेजारीशेजारी बसले. तंबाखूच्या भावाला भाषा नव्हती.

६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी गोळीबार केला. बारा शेतकरी ठार झाले.

बारा हा आकडा काही मोठा नव्हे, असे कुणी म्हणेल. सरकारी कागदात हजारांचे आकडे असतात. पण ज्या घरातला एक गेला, त्या घरातले सगळेच गेले. हे तुम्हांला कळते, कारण तुमच्याही चाळींनी असे आकडे मोजले आहेत. निपाणीचा शेतकरी १९८१ साली रस्त्यावर बसला आणि तुम्ही १८ जानेवारी १९८२ रोजी संपावर गेलात. मधे वर्षसुद्धा गेले नव्हते. तुमच्या गिरण्या त्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या. जिथे भोंगा वाजायचा तिथे काचेचे मनोरे उभे राहिले. तिकडे तंबाखूही हळूहळू हटते आहे. नदीकाठाला ऊस चढला, निपाणीला हालसिद्धनाथाच्या नावाचा साखर कारखाना झाला. वखारी ओस पडू लागल्या. पण वखारीत आयुष्य घालवलेली बाई कुठे गेली, हे कुणी विचारले नाही. गिरणी कामगार कुठे गेला, हे तरी कुणी विचारले होते?

रेघ कुणी ओढली?

आता राजकारण. इतका वेळ कशासाठी थांबलो होतो ते आता कळेल.

देश स्वतंत्र झाला तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. म्हणजे निपाणी आणि परळ एकाच राज्यात होते! १९५३ साली फाजलअली आयोग नेमला गेला. १९५५ साली त्याचा अहवाल आला. आयोगाने मोजमापाला जिल्हा धरला. जिल्ह्यात कानडी जास्त, म्हणून जिल्हा कर्नाटकाचा. पण गंमत बघा. याच बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मराठी म्हणून कापून अलीकडे ठेवला. आम्ही म्हणतो, बरे केलेत! पण चंदगडला जी कात्री चालली, ती निपाणीला का चालली नाही? कात्रीची धार तेवढ्यात बोथट झाली काय?

१६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे जाहीर केले. मुंबई पेटली. तिकडे सीमाभागही पेटला. गोळ्या इकडेही झाल्या, तिकडेही झाल्या. १७ जानेवारी हा दिवस बेळगाव-निपाणीकडे आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतात. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची यादी एकदा नीट वाचा. तिच्यात तुमच्या गिरण्यांतले कामगार आहेत, तुमच्या चाळींतली पोरे आहेत. आणि त्याच यादीत एक नाव आहे : कमळाबाई मोहिते, निपाणी. ज्या राज्यासाठी ती बाई गेली ते राज्य १ मे १९६० रोजी झाले. तिचे गाव मात्र त्या राज्यात आले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजीच ते म्हैसूर राज्यात टाकले होते. म्हैसूरचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले. नाव बदलले, निपाणी तिथेच राहिली. ज्या चौकात आपण हार घालतो, त्या हारातले एक फूल निपाणीचे आहे, हे विसरू नका.

आपले म्हणणे पहिल्यापासून चार गोष्टींचे आहे. खेडे हा घटक धरा. भौगोलिक सलगता बघा. भाषेचे बहुमत मोजा. आणि लोकांची इच्छा विचारा. यात काय चुकले? खेडे धरले तर निपाणी आणि भोवतालची कितीतरी गावे मराठी. सलगता बघितली तर गाव कागल तालुक्याला चिकटलेले. इतके चिकटलेले की निपाणीच्या पोरांचे देवचंद कॉलेज ज्या अर्जुननगरात आहे, ते अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्यात! घर कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्रात. पोरगा सकाळी पायी निघतो, वर्गात बसतो तोवर राज्य बदललेले असते!

महाजन आयोगाचा सवाल

सेनापती बापटांनी या सीमेसाठी १९६६ साली उपोषण मांडले. त्यानंतर केंद्राने निवृत्त सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. १९६७ साली अहवाल आला. त्यात काय होते? बेळगाव कर्नाटकाला. आणि निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावे महाराष्ट्राला!

ऐकलेत? कर्नाटक सरकार उठता-बसता महाजन अहवालाचा दाखला देते. तोच अहवाल निपाणी महाराष्ट्राला द्या म्हणतो! म्हणजे ज्यांना आपण पक्षपाती म्हटले, त्या पंचानेसुद्धा निपाणीच्या बाबतीत आपल्याच बाजूने कौल दिला.

मग निपाणी आली का नाही? हा सवाल तुमच्या मनात आलाच असेल. उत्तर सरळ देतो. आपण अहवाल नाकारला म्हणून आली नाही. अहवाल घेतला असता तर बेळगाववर पाणी सोडावे लागले असते. गिरणीत मालक कसा डाव टाकतो? साचेखात्याला पगारवाढ देतो आणि म्हणतो, आता बाकीच्या खात्यांबद्दल बोलू नका, सही करा. खरा युनियनवाला त्या कागदावर सही करत नाही. महाराष्ट्राने सही केली नाही, ते योग्यच केले.

पण मित्रहो, एक गोष्ट विसरू नका. सही न करण्याची किंमत कुणी भरली? मुंबईने नाही. पुण्याने नाही. ती निपाणीने भरली, खानापूरने भरली. तिथला माणूस अहवालाप्रमाणे घरी यायचा होता. थोरल्या भावाला सोडून धाकट्याने एकट्याने घरी यायचे नाही, असे आपण ठरवले आणि धाकटा तिथेच उभा राहिला. ही निपाणीची उधारी आपल्या अंगावर आहे. त्या गावाचे नाव घोषणेत घेणे म्हणजे ही उधारी मान्य करणे. नाव विसरणे म्हणजे उधारी बुडवणे.

“प्रश्न संपला” म्हणणाऱ्यांना

आज काही शहाणे म्हणतात, कशाला उकरून काढता? निपाणीने सुरुवातीच्या काळात महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार निवडून दिले. अलीकडे तर देत नाही. म्हणजे लोकांना आता तिकडेच बरे वाटते!

हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. निवडणुकांचे निकाल खरे आहेत. पण माणूस मत कशासाठी देतो? उसाच्या बिलासाठी देतो, पाण्यासाठी देतो, रस्त्यासाठी देतो. सरकार ज्याचे, त्याच्याशी जुळवून घेतल्याशिवाय गटारसुद्धा बांधून मिळत नाही. भाडेकरूने घरमालकाला नमस्कार केला म्हणून घर काही त्याला विकले गेले नाही. आणि समितीत फाटाफूट झाली, आपसात उमेदवार उभे राहिले, हेही खरे आहे. ते दुखणे आपले आहे, ते आपणच बरे केले पाहिजे. पण फुटलेल्या युनियनमधल्या कामगाराचा हक्क बुडतो काय?

निपाणीत आजही पोर मराठीत रडते, म्हातारी मराठीत ओवी म्हणते. या गावाने मराठीला महादेव मोरे यांच्यासारखा कथाकार दिला. गंमत अशी की तोही गिरणीवालाच! पिठाची गिरणी चालवायची आणि पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांनी लिहायचे. बिडीवाल्या बायका, ड्रायव्हर, गॅरेजमधली पोरे, हीच त्यांची माणसे. २०२४ साली ते गेले. सीमेच्या त्या बाजूला राहून ते जन्मभर मराठीच लिहीत राहिले. भाषा संपली असती तर हे झाले असते काय?

कानडी माणूस आपला वैरी नव्हे

आता एक गोष्ट ठणकावून सांगतो. ही लढाई कानडी भाषेशी नाही, कानडी माणसाशी तर मुळीच नाही. निपाणीच्या हमरस्त्यावर १९८१ साली दोन्ही भाषांचे शेतकरी एकाच चटईवर बसले होते. पोलिसांच्या गोळीने भाषा विचारली नव्हती. गाडीला काळे फासून, काचा फोडून निपाणी येत नाही. त्याने फक्त तिथल्या मराठी माणसाच्या डोक्यावर उद्या दुसरी काठी पडते. गिरण्यांत मराठी, उत्तरेकडचा, तेलुगू, कानडी सगळे एकाच भोंग्याला कामाला लागत होते. आपण कामगार आहोत. माणूस ओळखायला आपल्याला पाटी लागत नाही.

तर मग करायचे काय? पहिले असे, की २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आहे. त्याला वीस वर्षे उलटून गेली. एवढ्या काळात कामगार कामावर लागून निवृत्त होतो! तो दावा नेटाने चालवा, यासाठी आपल्या सरकारच्या पाठीमागे लागा. मुंबईतले सरकार झोपले तर त्याला उठवायची कला गिरणगावाला शिकवायला नको.

दुसरे असे, की निकाल लागेपर्यंत तिथल्या माणसाला जगायचे आहे. १९५६ सालापासून केंद्राचे धोरण आहे की ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील, तिथे सरकारी सूचना, नियम त्यांच्या भाषेतही मिळावेत. मुलाचे प्राथमिक शिक्षण मातृभाषेत व्हावे, याची सोय करणे हे राज्यघटनेच्या ३५०-अ कलमात सांगितले आहे. ही काही मेहेरबानी नव्हे. निपाणीच्या शेतकऱ्याला त्याचा सात-बारा वाचता आला पाहिजे. ज्याला आपल्या जमिनीचा कागद वाचता येत नाही, त्याची जमीन अर्धी गेलेलीच असते. ज्या कामगाराने न वाचता अंगठा उठवला, त्याचे काय होते ते तुम्ही पाहिले आहे.

तिसरे तुमच्या हातातले आहे. निपाणीला जा. पाहुणे असतील तर पाहुण्यांकडे, नसतील तर तसेच जा. वेदगंगेच्या पुलावर उभे राहा. बिडी वळणाऱ्या म्हातारीच्या दारात बसा, चहा घ्या. तिला सांगा, “आजी, आम्ही मुंबईचे गिरणीवाले. तुमच्या गावाचे नाव आम्ही घेतो.” ती काय म्हणेल ते ऐकून या आणि आपल्या पोरांना सांगा.

म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही घोषणा द्याल, तेव्हा तिसरा शब्द नुसता तोंडातून येणार नाही. त्यात तंबाखूचा उग्र वास असेल, वखारीतला खोकला असेल, बारा शेतकऱ्यांचे रक्त असेल, कमळाबाईंचे नाव असेल. मग म्हणा माझ्याबरोबर, असे म्हणा की कोगनोळीच्या नाक्यापलीकडे ऐकू गेले पाहिजे :

बेळगाव! कारवार! निपाणी! यांच्यासह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!

जय महाराष्ट्र!